पाण्यापासून सुरू होणारी शाळा : परिसराशी नाते जोडणाऱ्या प्राथमिक शाळेची रचना

आपल्या निवासी शाळेच्या प्राथमिक विभागासाठी नवी इमारत उभी करावयाची आहे, हे माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांना ठाऊक आहेच. पत्र्याचे जुने वर्ग आता पुरत नाहीत. इमारत निधीस आपण सर्वांनी यथाशक्ती हातभार लावला आहे आणि पहिला आराखडाही तयार झाला आहे. त्यात तीन मजली चौकोनी काँक्रीटची इमारत आहे, पुढील अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत. आणि जेथे जिना यावयाचा तेथे आज उभा असलेला कडुनिंब नाही. ज्या निंबाखाली या स्मरणिकेच्या अनेक वाचकांनी पाढे म्हटले, तोच हा निंब.

हा आराखडा पाहिल्यावर आम्ही प्राथमिक विभागाच्या शिक्षकांनी पालकसभेत एक सूचना मांडली. लहान मुलांची शाळा परिसराशी जोडलेली असावी, तिला ओसरी, बाग व झाडे असावीत, मातीचा आणि बांबूचा वापर व्हावा, असे आम्ही म्हणालो. सभेत मागच्या रांगेत बसलेल्या एका माउलीने उभे राहून विचारले, “सर, आम्ही जल्मभर मातीच तुडविली. पोरगं हितं कशापायी घातलं? मातीतनं भाईर निघावं म्हनून ना?”

सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. त्या प्रश्नास तेव्हा आम्हास नीट उत्तर देता आले नाही. नंतरचे काही महिने आम्ही वाचन केले, इतरत्र झालेले प्रयोग अभ्यासले आणि आपल्याच आवाराकडे नव्या दृष्टीने पाहिले. त्या अभ्यासाचे फलित म्हणजे हा लेख. तो त्या माउलीस दिलेले उशिराचे उत्तर आहे, असे वाचकांनी समजावे.

निसर्ग सर्वांचा होता काय?

निसर्गरम्य शाळेविषयी लिहिताना बहुधा रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनाने आरंभ होतो. १९०१ साली तेथे मोजक्या मुलांना घेऊन झाडांखाली वर्ग सुरू झाले, ही गोष्ट थोरच आहे. परंतु आपण आरंभ करावयाचा तो दुसऱ्या एका शाळेपासून.

साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा वर्गाच्या कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. ते गोणपाट शाळेच्या नोकरानेही उचलावयाचे नाही, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यावयाचे आणि सकाळी पुन्हा आणावयाचे. तहान लागली तर नळ आहे, नळाला पाणी आहे. पण तोटीला हात लावावयाचा नाही. शिपाई असेल आणि त्याने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसेल तर तहान तशीच. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे. नऊ वर्षांचे असताना भावंडांसह वडिलांकडे गोरेगावी निघालेल्या त्या मुलांना बैलगाडीच्या प्रवासात जवळ अन्न असूनही केवळ पाणी मिळाले नाही म्हणून रात्र उपाशी काढावी लागली, हेही त्यांनीच लिहिले आहे.

या प्रसंगांत निसर्ग कोठे कमी होता? झाडे होती, रस्त्याकडेला पाणी होते, मोकळे आकाश होते. वाट मात्र माणसांनी अडविली होती. म्हणून १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, त्याचे मोल मोठे. मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ साली संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे व शाळा कागदावर सर्वांस मोकळ्या झाल्या. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडास जाऊन चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले. आणि त्या तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन निकाल उच्च न्यायालयाकडून यावयास १९३७ साल उजाडले.

आम्हा पन्नाशीतल्या शिक्षकांपैकी काहींनी लहानपणी याची धग सोसली आहे. गावच्या शाळेत माठ होता आणि माठावर तांब्या होता. आमच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. ओतणारा मुलगा आमच्याच वर्गातला, आमच्याच बाकाशेजारचा. त्या गावाचे वा शाळेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. अशी गावे पुष्कळ होती.

तेव्हा माउलीचा प्रश्न साधा नाही. आपल्या समाजासाठी माती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची सक्तीची राबणूक. कुडाचे घर म्हणजे गावकुसाबाहेरचे घर. स्लॅबचे घर म्हणजे त्यातून सुटका. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर जी कठोर टीका केली, तिच्यामागे हाच अनुभव होता. निसर्गाची गोडी सांगणाऱ्याने हा इतिहास विसरून बोलू नये. परंतु त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. महाडला आपण तळे नाकारले नाही. तळ्यावरील हक्क मागितला. पाणी, झाड, माती यांवरील आपला वाटा सोडून देणे ही मुक्ती नव्हे. त्यांच्याकडे मालकाच्या आणि अभ्यासकाच्या नजरेने पाहणे ही मुक्ती होय.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असे सुचविले होते. शेतात राबणाऱ्याच्या मुलास शेतीचे शास्त्र शाळेत मिळावे, ही मागणी इतकी जुनी आणि इतकी आपली आहे.

गान्दो गावची शाळा

आता एका दूरच्या गावाकडे वळू. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात गान्दो नावाचे खेडे आहे. तेथे १९६५ साली फ्रान्सिस केरे यांचा जन्म झाला. गावात शाळा नव्हती, म्हणून सातव्या वर्षी त्यांना घर सोडून तेन्कोदोगो या गावी जावे लागले. तेथील वर्ग सिमेंटच्या ठोकळ्यांचा, कोंदट व अंधारा होता. शंभराहून अधिक मुले त्या भट्टीत तासन्‌तास बसत. पुढे सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर ते १९८५ साली जर्मनीस गेले. दिवसा काम व रात्री शिक्षण असे करीत त्यांनी बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात वास्तुशास्त्र शिकावयास घेतले. शिक्षण पुरे होण्यापूर्वीच १९९८ साली त्यांनी आपल्या गावच्या शाळेसाठी निधी उभारणारी संस्था काढली आणि २००१ साली गान्दोची प्राथमिक शाळा उभी राहिली.

केरे यांनी शाळेसाठी चिखलमाती निवडली, तेव्हा गावाने नाराजी दाखविली. जर्मनीत शिकलेला मुलगा काचेची वा सिमेंटची इमारत आणील, अशी लोकांची अपेक्षा होती. माती पहिल्या पावसात वाहून जाते, हे प्रत्येकास घरच्या अनुभवाने ठाऊक होते. आपल्या पालकसभेतील प्रश्न शब्दांच्या फरकाने तेथेही विचारला गेला होता.

केरे यांनी मातीची बढाई सांगितली नाही. मातीतील दोष शोधून त्यांवर उपाय केले. मातीत थोडे सिमेंट मिसळून साच्यात दाबलेल्या विटा केल्या. त्या उन्हात-पावसात टिकतात आणि बाहेरची उष्णता सावकाश आत येऊ देतात. वर्गांचे छतही अशाच विटांचे केले आणि त्यात हवा निघून जाण्यास फटी ठेवल्या. त्या छतावर काही अंतर सोडून, लोखंडी सळ्यांच्या कैच्यांवर पत्र्याचे रुंद छप्पर उचलून धरले. खिडक्यांतून थंड हवा आत येते, तापलेली हवा छतातून वर जाते आणि पत्रा व छत यांमधील वाऱ्याबरोबर निघून जाते. पत्र्याचे पाखे भिंतींच्या बाहेर बरेच पुढे आलेले असल्याने पावसाचा मारा भिंतींवर होत नाही. तीन वर्ग एका रांगेत आहेत आणि दोन वर्गांच्या मध्ये छपराखालची मोकळी जागा आहे. तेथे मुले खेळतात, बसतात, शिकतात. वीज नसतानाही वर्ग सुसह्य राहतो.

ही शाळा गावाने स्वतः बांधली. मुलांनी पायासाठी दगड वाहिले, बायकांनी पाणी आणले, तरुण विटा पाडावयास व जोडकाम करावयास शिकले. त्यांतील कित्येकांना पुढे या कौशल्यावर काम मिळाले. या इमारतीस २००४ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार लाभला आणि २०२२ साली केरे यांना वास्तुकलेतील प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुविशारद होत.

यातून आपण काय घ्यावे? माती पवित्र आहे म्हणून वापरावी, असे गान्दो सांगत नाही. मातीचे गुणदोष मोजून, तिच्यात विज्ञान घालून ती वापरली, तर तीच माती प्रतिष्ठेची होते, असे सांगते. कुडाच्या घरात राहणे ही सक्ती होती. मातीची वीट दाबून, तिची ताकद तपासून शाळा बांधणे ही विद्या आहे.

कोसबाडची टेकडी

दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील. माँटेसरी पद्धतीच्या अभ्यासक ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य डहाणू परिसरातील कोसबाडच्या टेकडीवर गेले, वारली मुलांमध्ये.

माँटेसरीची साधने महाग आणि परकी होती. त्यांच्या जागी खडे, बिया, पाने, शिंपले आले. आकार, रंग, लहान-मोठे, जड-हलके हे सारे मुले याच वस्तूंतून शिकू लागली. त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. मुले शाळेत येत नाहीत, याचे कारण शोधल्यावर दिसले की कोणी धाकट्या भावंडाला सांभाळते आहे, कोणी गुरे राखते आहे. तेव्हा शाळाच पाड्यावरील अंगणात गेली. गुराख्या मुलांसाठी ती कुरणावर गेली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीस मिळाला.

परिसराशी नाते म्हणजे कुंड्यांची रांग आणि भिंतीवर रंगविलेला मोर नव्हे, हे कोसबाड शिकवते. मूल कोठून येते, वाटेत काय पाहते, त्याच्या हाताला काय ठाऊक आहे, येथून रचना सुरू होते. गुरे राखणाऱ्या मुलास गवताच्या जाती, वाऱ्याची दिशा, पाण्याच्या जागा ठाऊक असतात. त्या ज्ञानास शाळेत मान मिळाला, तर त्या मुलाची मानही वर होते.

कान्हेरीच्या पोढी

इतिहासाच्या विद्यार्थ्यास तिसरे उदाहरण टाळता येत नाही. मुंबईजवळ कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. सुमारे हजार वर्षे तेथे भिक्षूंचा निवास आणि अध्ययन चालले. आजच्या भाषेत ती एक निवासी विद्याशाखाच होती.

कान्हेरीस जाणारे आपले लोक चैत्यगृह पाहतात, वंदना घेतात आणि परततात. पुढच्या खेपेस त्यांनी पायाखालीही पाहावे. डोंगराच्या उतारावर खडकात बारीक पन्हळी कोरलेल्या आहेत. पावसाचे पाणी त्यांतून लेण्यांलगतच्या टाक्यांत येते. शिलालेखांत या टाक्यांस ‘पोढी’ म्हटले आहे आणि लेण्याबरोबर पोढीचेही दान दिल्याच्या नोंदी आहेत. दाते व्यापारी, सोनार अशा नाना व्यवसायांतील स्त्री-पुरुष होते. प्रत्येक विहाराशी ओसरी, ओसरीस बाक, अंगण, पायऱ्या आणि पाणी, असा हा आराखडा आहे. उन्हाळ्यात ओसरी सावली देते, पावसाळ्यात ती पाऊस अडविते आणि बाकावर बसून समोरचे रान दिसते.

भिक्षूंचा वर्षावास का सुरू झाला, याचे विनयपिटकात दिलेले कारणही ध्यानात घेण्याजोगे आहे. पावसाळ्यात फिरताना भिक्षूंकडून हिरवे गवत व लहान जीव तुडविले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागतांनी ती मान्य केली आणि त्या काळात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. वेळुवन आणि जेतवन या विद्यास्थानांची नावेच वनांची आहेत. छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय ज्या परिसरात उभे राहिले, त्यासही ‘नागसेनवन’ हेच नाव मिळाले. परंपरेत इतके बन, वन, आराम असताना आपली शाळा मात्र पेव्हर ब्लॉकने मढवावी, हे आम्हास पटत नाही.

आपल्या आवारासाठी सहा गोष्टी

या अभ्यासातून आम्ही पुढील सूचना इमारत समितीपुढे ठेवीत आहोत.

पहिली, पाणी. आराखड्यात पाण्याची जागा सर्वांत शेवटी, जिन्याखाली, दाखविली आहे. ती सर्वांत आधी आणि दर्शनी भागी असावी. नळ इतक्या उंचीवर असावेत की पहिलीच्या मुलास टाच न उचलता ते सोडता यावेत. तोटी सोडण्यास कोणाची परवानगी लागता कामा नये. ज्या समाजाच्या मुलास तोटीस हात लावू दिला नव्हता, त्या समाजाच्या शाळेत पाण्याची जागा हीच प्रवेशाची कमान व्हावी.

पावसाच्या पाण्याचा हिशेब आम्ही केला आहे. छप्पर २०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर १,४०,००० लिटर पाणी छपरावर पडते. त्यातील ऐंशी टक्के हाती लागले तरी १,१२,००० लिटर होते. १५० मुलांस पिण्यासाठी रोज प्रत्येकी तीन लिटर धरल्यास ४५० लिटर लागतात. म्हणजे हे पाणी जवळजवळ अडीचशे दिवसांचे. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, टाकी झाकलेली असावी, तोंडाला जाळी असावी, पिण्यापूर्वी पाण्याची तपासणी व शुद्धीकरण व्हावे, आणि टाकीत न मावणारे पाणी विहिरीच्या पुनर्भरणास जावे. या टाकीस आपण ‘पोढी’ म्हणावे, अशी आमची विनंती आहे.

दुसरी, दिशा. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम असावी आणि खिडक्या उत्तरेस व दक्षिणेस असाव्यात. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पुढे आलेले पाखे त्यास अडवितात. डिसेंबरात तो दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४६-४७ अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेच्या ओसरीत कोवळे ऊन येते. त्रास देते ते पश्चिमेचे ऊन. त्या बाजूस वर्ग नकोत. जिना, भांडार व झाडे असावीत.

तिसरी, छप्पर. सध्याच्या पत्र्याखालचा वर्ग आणि निंबाखालचा ओटा येथे मुलांनी एका उन्हाळ्यात रोज दुपारी दोन वाजता तापमापक लावला. वर्गातला पारा प्रत्येक दिवशी वर होता. पत्रा वापरावयाचा तर गान्दोप्रमाणे त्याखाली दुसरे छत आणि मध्ये वारा हवा. मंगलोरी कौले आणि त्याखाली बांबूच्या तट्ट्या हाही मार्ग आहे. प्राथमिक वर्ग तळमजल्यावरच असावेत. लहान मुलाचा आणि जमिनीचा संबंध जिन्याने तोडू नये.

चौथी, ओसरी व खिडकी. प्रत्येक वर्गास स्वतःची ओसरी असावी, म्हणजे वर्ग दारापाशी संपणार नाही. काही खिडक्यांचा उंबरा जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असावा. आपल्याकडे खिडक्या उंच ठेवतात, कारण मुलांचे लक्ष बाहेर जाऊ नये. बाहेर सुगरणीचा खोपा विणला जात असता मुलाचे लक्ष तेथे गेले, तर शिक्षकानेही तेथे जावे.

पाचवी, झाडे. निंब तोडू नये, जिना सरकवावा. उन्हाळ्यापूर्वी जुनी पाने टाकून निंब नव्या पालवीने भरतो आणि आपणास सर्वांत अधिक गरज असते तेव्हा सर्वांत दाट होतो. त्याच्या सोबतीस करंज, बहावा, पळस, शेवगा, आपटा असावेत. उंबर व पिंपळ आवाराच्या कडेस लावावेत, कारण त्यांची मुळे पायात शिरतात. शाळांतून हौसेने लावला जाणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे, हे मुलांनी सांगावे आणि मग त्याचेही कौतुक करावे.

सहावी, जमीन. अंगण पूर्ण फरसबंद करू नये. रांगेने उभे राहण्यापुरती शहाबादी फरशी पुरे. उरलेली जमीन पाणी पिणारी, खणता येणारी, बिळे व वारुळे दिसणारी असू द्यावी.

आवार हेच पाठ्यपुस्तक

रचना चांगली झाली आणि शिकविणे जुनेच राहिले, तर खर्च वाया जाईल. पहिलीच्या मुलाने बिया मोजाव्यात, पाने आकारांप्रमाणे मांडावीत. दुसरीने निंबावर येणाऱ्या पक्ष्यांची नावे आपापल्या घरच्या बोलीत सांगावीत आणि फळ्यावर ती सारी नावे लिहिली जावीत. वऱ्हाडी मुलाचा शब्द आणि मराठवाडी मुलाचा शब्द यांत शुद्ध-अशुद्ध असे काही नाही. तिसरीने अंगणात काठी रोवून तिची सावली महिनोन्‌महिने मोजावी. वर्षातून दोन दिवस दुपारी ती सावली नाहीशी होते, हे मुलांनी स्वतः पाहिले की पृथ्वीच्या कललेल्या आसाचा धडा पाठ करावा लागत नाही. चौथीने पर्जन्यमापकातील पाणी रोज नोंदवून वर केलेला पोढीचा हिशेब स्वतः करावा आणि आमची चूक असल्यास दाखवावी.

तथागतांनी लहानग्या राहुलास सत्याचा पाठ दिला, तेव्हा भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवून दिला. हाताशी असलेली वस्तू, तिच्यावर प्रश्न आणि मग विचार, हा क्रम त्या पाठात आहे. ऐकले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हा आपला बाणा असेल, तर तो पाचवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाआधी अंगणातील काठीच्या सावलीत रुजला पाहिजे.

येथे एक काळजी घ्यावी. बागेचे काम, झाडलोट, पाणी घालणे ही कामे सर्वांना पाळीने असावीत, शिक्षकांनाही. ते काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. हाती कुदळ असेल तेव्हा दुसऱ्या हाती वही असावी. वहीविना कुदळ म्हणजे आपल्या पूर्वजांची वेठ. वहीसह कुदळ म्हणजे विज्ञान. माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हास येथे सापडले.

दोन शंका

विंचू-साप निघतील, ही शंका रास्त आहे. भिंतीलगत सहा-सात फूट पट्टी मोकळी व स्वच्छ ठेवावी, विटा-लाकडांचे ढीग आवारात नसावेत, उष्टे अन्न उघड्यावर पडू नये म्हणजे उंदीर कमी व साप कमी. रात्री वसतिगृहाच्या वाटेवर दिवे असावेत. सर्पदंश झाल्यास मांत्रिक नाही, थेट रुग्णालय, हे प्रत्येक मुलास ठाऊक असावे.

दुसरी शंका देखभालीची. कौले उतरतात, बांबूस कीड लागते, पन्हळी तुंबतात, हे खरेच. काँक्रीटची देखभाल लागत नाही, हा मात्र समज आहे. आपल्या वसतिगृहाची गळकी गच्ची सर्वांनी पाहिली आहे. देखभालीचा निधी आरंभीच वेगळा काढावा. माजी विद्यार्थ्यांत गवंडी, सुतार, अभियंते, कृषी अधिकारी आहेत. दरवर्षी मे महिन्यात त्यांनी दोन दिवस शाळेस द्यावेत. पन्हळी साफ होतील, कौले शेकारली जातील आणि मुलांस आपले ज्येष्ठ भेटतील. शाळा गावाने हातांनी उभारली, हे गान्दोचे बळ होते. आपले बळही तेच आहे. आपल्या संस्थेची पहिली खोलीही मूठमूठ धान्य आणि एकेक रुपया गोळा करूनच उभी राहिली होती.

समारोप

आम्ही त्या माउलीस पुन्हा भेटलो आणि वर लिहिलेले थोडक्यात सांगितले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “असं असंल तर करा. पन पोराला आधी लिव्हाय-वाचाय आलं पायजेल. आन्‌ पानी त्याच्या हातानं घेऊ द्या.” आमच्या सर्व सूचनांचा क्रम यापेक्षा नेमका कोणी लावला नसता.

आराखडा अद्याप कागदावर आहे. येत्या बैठकीत समिती त्यावर निर्णय करील. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी त्या बैठकीस यावे, निंबाखाली थोडा वेळ बसावे आणि मग मत द्यावे. जिना कोठे न्यावयाचा याचा एक पर्यायी नकाशा आमच्या चौथीच्या मुलांनी पावले मोजून काढला आहे. तो कार्यालयाच्या भिंतीवर लावला आहे, अवश्य पाहावा.